मुळावरचा टारफुला

म्हसवडच्या शाळेत बदली झाली तेव्हा माझी मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती. नवरा फौजेत, लांब उत्तरेकडे. सासर पलूसला. सासूबाई म्हणाल्या, "दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. पोरीची शाळा कशाला मोडतेस? तू शनिवार-रविवार येत जा, मी आहे की." मी हो म्हटलं. हो म्हटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपण नाही म्हणायला हवं होतं, आणि ते वाटणं पुढं वर्षभर थांबलं नाही.

सोमवारी पहाटेची एसटी पकडायची, विटा, मायणी करत म्हसवडला पोचायचं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की परत. म्हसवडला बाजारपेठेच्या मागं एक खोली घेतली होती. तिथं दोन पातेली, एक तवा, गादी आणि खिडकीला पडद्याऐवजी जुनी साडी. पडदा घ्यायचा तर मग आपण इथं राहणार असं ठरल्यासारखं होईल, म्हणून घेतला नाही. बदलीचा अर्ज केला होता. रोज दुपारच्या सुट्टीत मोबाइल काढून काही कळलंय का ते बघायचं, एवढं एक काम मी नियमितपणे करत होते.

वर्गात मला खुर्चीवर बसवत नसे. बाकांच्या मधून फिरत फिरत शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी बसत का न्हाई?"

सगळा वर्ग हसला. ती हसली नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणारी, उन्हानं भुरे झालेले केस घट्ट विणलेली, सावकाश बोलणारी मुलगी. घरची मेंढरं होती. आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे, आणि तेवढे महिने ती थोरल्या बहिणीबरोबर गावात राहायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "फिरलं की शिकवायला बरं पडतं."

सप्टेंबरात प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आला. हा पाठ मी अकरा वर्षं शिकवत होते आणि नुसता फळ्यावर कधीच शिकवला नव्हता. पानात पिष्टमय पदार्थ तयार होतो हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे, याबद्दल माझा हट्ट असे. म्हसवडच्या शाळेच्या आवारात कडुनिंब आणि बोरी सोडून काही नव्हतं, म्हणून पलूसच्या अंगणातली जास्वंदीची कुंडी मी मांडीवर घेऊन एसटीतून आणली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" विट्यापर्यंत तो येता-जाता कुंडीकडे बघून हसत होता.

कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला आधीचा साठा संपतो. अंधारी जागा म्हणून मुख्याध्यापकांचं लोखंडी कपाट मिळालं. मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उन्हात ठेवली. चार तासांनी ते पान तोडून आधी पाण्यात उकळलं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या नळीत. स्पिरिट हिरवं होत गेलं आणि पान फिकट, जवळजवळ पांढरं. ते बशीत पसरून त्यावर आयोडीनचे थेंब टाकले. पट्टीखालचा भाग तांबूस पिवळाच राहिला आणि बाकीचं पान बघता बघता काळंनिळं झालं.

चाळीस मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. असा शांतपणा वर्गात फार कमी वेळा मिळतो. पण तास संपायला तीन-चार मिनिटं उरली होती आणि मला पाठ पुरा करायचा होता. मी फळ्याकडे गेले आणि लिहून दिलं: जे हिरवं ते स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं, जे हिरवं नाही ते दुसऱ्याच्या जिवावर जगतं. अमरवेल पिवळी, भूछत्र पांढरं, अशी उदाहरणं दिली. बांडगूळ हिरवं असूनही आंब्यातून पाणी ओढतं, हे मला माहीत होतं. पुस्तकात ते पुढच्या पानावर होतं, ते पुढच्या तासाला सांगू असं ठरवलं. वाक्य सुटसुटीत होतं, मुलांना पाठ व्हायचं. मी ते वर्षानुवर्षं तसंच लिहून देत आले होते.

तिसऱ्या बाकावरून हात वर आला. "बाई, टारफुला हिरवा आसतो."

"काय असतो?"

"टारफुला. कडवळात येतो. तो ज्वारीचं खातो."

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. माझं माहेरही कृष्णाकाठचं. ऊस, सोयाबीन, हळद यांच्यात वाढलेली मी. कडवळ म्हणजे वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी, एवढं माहीत होतं. त्यात काय उगवतं, याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. माहीत नाही, एवढं म्हणायला काही हरकत नव्हती. मी म्हटलं, "ते तण असेल. तण जमिनीतलं पाणी घेतं, खत घेतं, म्हणून पीक खुरटतं. पीक खातं असं आपण नुसतं म्हणतो."

"न्हाई बाई. मुळाला धरून आसतो. आबा म्हंत्यात."

"बरं, बस आता."

घंटा झाली.

त्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी माझ्या मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. ती त्यात पोपट झाली होती. मी येणार असं फोनवर तीन वेळा कबूल केलं होतं. शाळा सुटली तेव्हा माझी पिशवी भरून तयार होती आणि एसटीला वीस मिनिटं होती. शिक्षकखोलीच्या दारात ती मुलगी उभी होती. हातात खताच्या पोत्याचा तुकडा आणि त्यात मातीचं मोठं ओलं ढेकूळ. ढेकळातून ज्वारीचं एक ताट वर आलं होतं, मधून मोडून आखूड केलेलं, आणि त्याच्या शेजारी वीतभर उंचीचं, अरुंद पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं एक रोपटं. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे थेंब पडत होते.

"बाई, बघा की. मूळ तुटू दिलं न्हाई."

दोघं सहकारी टेबलाशी बसून आमच्याकडे बघत होते. माझ्या पिशवीची चेन लागत नव्हती. मी पिशवीतून मान वर न करता म्हणाले, "अगं, हे तणच आहे. शाळेत कशाला चिखल आणतेस? बाहेर टाक जा ते."

व्हरांड्यात तिच्या वर्गातली तीन-चार मुलं थांबली होती. त्यातला एकजण म्हणाला, "टारफुली, चल, बाई हाकलत्यात." बाकीचे हसले. मी ते ऐकलं. ऐकून त्यांना काही बोलले नाही, कारण एसटी चुकली असती. बाहेर पडताना मी पाहिलं की तिनं ढेकूळ टाकलं नव्हतं. पाण्याच्या नळाशी, सावलीला, हलक्या हातानं ठेवलं होतं आणि ती हात धूत होती. तिचं घर शाळेपासून चांगलं तीन-चार किलोमीटरवर होतं. एवढं ओझं तिनं मुळाला धक्का न लावता आणलं होतं, हे माझ्या लक्षात आलं ते मायणी मागं पडल्यावर.

कार्यक्रमाला मी वेळेत पोचले. माझी मुलगी हिरव्या कागदाचे पंख लावून नाचली. मी टाळ्या वाजवल्या आणि सबंध वेळ माझ्या डोळ्यांपुढं फरशीवरचे ते चिखलाचे थेंब होते.

सोमवारी वर्गात तिचं नाव टारफुली पडलेलं होतं. मी मुलांना दटावलं, पण अशा दटावण्यानं नाव जास्त पक्कं होतं हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं. तिनं मला पुन्हा प्रश्न विचारला नाही. विचारलं तर उत्तर देई, आणि ते बरोबर असे.

त्याच संध्याकाळी खोलीवर मी मोबाइलवर टारफुला शोधला. शेतीच्या एका माहितीपत्रकात सगळं सापडलं. हिरवी पानं असतात, त्यामुळे थोडंफार अन्न स्वतः करतो. पण जमिनीखाली त्याची मुळं ज्वारीच्या, बाजरीच्या, उसाच्यासुद्धा मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी, क्षार, तयार अन्न ओढतात. रोप मातीतून वर येण्याआधीचे काही आठवडे तर ते पूर्णपणे त्या पिकावरच जगतं. वर दिसतं तोवर पिकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. मी ते तीनदा वाचलं. त्या मुलीचा शब्द न् शब्द बरोबर होता आणि माझं वाक्य चूक होतं.

पुढच्या तासाला वर्गात सांगायचं असं ठरवलं. पुढच्या तासाला उजळणी होती. त्याच्या पुढच्या तासाला तपासणीसाठी वह्या पुऱ्या करून घ्यायच्या होत्या. मग सहामाही परीक्षा. दर वेळी कारण खरं असायचं. पण त्या कारणांच्या आड दुसरी एक गोष्ट होती. जिथं आपल्याला राहायचंच नाही तिथं चाळीस मुलांसमोर माझं चुकलं म्हणून उभं राहायचं, याची मला इच्छा होत नव्हती. बदली झाली की हे सगळं मागं पडेल, अशी एक चोरटी आशा होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा तिसऱ्या बाकावर ती नव्हती. दोन दिवस वाट बघून मुख्याध्यापकांना विचारलं.

"गेली बिऱ्हाडाबरोबर," ते म्हणाले. "थोरल्या बहिणीचं लग्न झालं ना. आता आईच्या हाताखाली कुणी नाही आणि हिला गावात ठेवायचं तर जवळ कोण? मी वडिलांना वसतिगृहाचं सांगून बघितलं. पोरीला एकटी ठेवायला ते तयार नाहीत."

"कुठं गेलेत?"

"तुमच्याकडंच. कृष्णाकाठाला."

त्या दिवसापासून एसटीतून मेंढरं दिसली की मी जागेवरून उठायचे. विट्याच्या पुढं, पलूसच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेनं कळप जात असायचे. घोड्यावर संसार लादलेला, पुढं बायका, मागं कुत्री. गाडी पुढं निघून जायची आणि मला कुणाचा चेहरा दिसायचा नाही. शेजारची माणसं विचारायची, "उतरायचंय का, ताई?" मी खाली बसायचे.

एका रविवारी घराजवळच्या रस्त्यावर एक मेंढपाळ थांबलेला दिसला. मी जाऊन विचारलं. तो म्हसवडच्याच बाजूचा निघाला. मी गावाचं आणि त्या मुलीच्या वडिलांचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "व्हय, वळखतो की. वढ्याच्या पलीकडं हायत, दोन गावं सोडून. मेंढरं बसवायला रान हुडकत्यात."

माझे धाकटे दीर शेती बघतात. उसाच्या लागणीसाठी दोन एकर मोकळं करून ठेवलं होतं आणि लेंडीखतासाठी मेंढरं बसवावीत असं त्यांच्या मनात होतं. मी घरी जाऊन म्हटलं, "भाऊजी, माझ्या विद्यार्थिनीच्या घरची मेंढरं जवळच आहेत. त्यांनाच बोलवा."

"बोलवू की, वैनी. कुणाची तरी बसवायचीच हायत."

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा मेंढरं रानात उतरली होती. रविवारी सकाळी माझ्या मुलीला बरोबर घेऊन, किटलीत चहा घेऊन गेले. जाळीच्या कुंपणात मेंढरं, बाजूला दोन घोडी, पालाच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. चुलीत फुंकणारी ती मुलगी मला बघून वर्गात उभी राहते तशी ताठ उभी राहिली. तिच्या वडिलांनी घोंगडं अंथरलं. "आवं बाई, बसा. पोरगी सांगत हुती तुमचं रान हाय म्हणून."

आई कोकराला पाजत होती. माझी मुलगी तिकडं पळाली. मी घोंगड्यावर बसले आणि चहा ओतायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. "तू बरोबर होतीस. टारफुला मुळाला धरतो. मी नंतर वाचलं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखी बोलले."

ती चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हुतं."

"चिखल आणला म्हणून बोलले, तेही चुकलंच माझं."

"वर्गात सांगितलं का तुमी?"

"नाही."

ती काटक्या मोडून चुलीत सारत राहिली. वडिलांनी विषय बदलला, पाऊसपाण्याचं विचारलं. मी उत्तरं दिली, पण माझं लक्ष तिच्या हातांकडं होतं. तिनं अभ्यासाचं विचारलं असतं, रागावली असती, तरी बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं ती घोड्यांसाठी उसाचं वाढं, म्हणजे वरची हिरवी पानं, आणायला शेजारच्या रानात गेली. तिथं आमचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, होता. त्यातला एक पट्टा त्या वर्षी काही केल्या उठत नव्हता. पिवळा, खुजा ऊस. दिरांनी दोन वेळा खत दिलं होतं, माती तपासून आणली होती. तेही तेवढ्यात रानात आले होते आणि मुलीच्या वडिलांशी तेच बोलत होते. ती परत आली तेव्हा एका हातात वाढ्याची पेंढी होती आणि दुसऱ्या हातात काळ्या पडलेल्या चार-पाच वाळक्या काड्या.

"बाई, तुमच्यात बी हाय."

दीर म्हणाले, "काय हाय?"

"टारफुला. वाळला की असा काळा पडतो. उसात खाली बघा, लय हाय."

आम्ही सगळेच गेलो. पाल्याखाली काळ्या काड्या होत्याच. इतके दिवस दिरांनी त्या पाहिल्या असणार आणि वाळकं गवत म्हणून सोडल्या असणार. एका बुडाशी उशिरा आलेलं एक रोप अजून हिरवं होतं. मुलीनं खुरपं मागितलं. लांबून गोल खणून माती सैल केली आणि चिमटीनं थोडी थोडी काढत गेली. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले होते. टारफुल्याचं पांढरं, नाजूक मूळ उसाच्या मुळाला जिथं भिडलं होतं तिथं मोहरीएवढी गाठ होती. तिनं ती गाठ बोटाच्या टोकावर घेऊन माझ्यापुढं धरली. मी विज्ञानाची पदवीधर, आणि ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"म्हंजी खत हाच खातोय," दीर म्हणाले.

"खत न्हाई. ऊसच खातोय," ती म्हणाली.

"पर हे आलं कुठनं? आमच्या रानात कवा नव्हतं."

हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं. बी धुळीहून बारीक असतं, मातीत कित्येक वर्षं टिकतं. पाटाच्या पाण्यातून येतं, अवजारांना लागलेल्या मातीतून येतं, जनावरांच्या खुरांतून आणि शेणालेंडीतून येतं. दिरांनी माझ्याकडं बघून विचारलं होतं. मी म्हणाले, "पाण्यातून येतं, नांगर-कुळवाला लागलेल्या मातीतून येतं. कुठूनही येऊ शकतं."

मी काय गाळलं ते मला माहीत होतं. पन्नास पावलांवर मेंढरं बसलेली होती.

"मेंढरांच्या लेंडीतनं बी येतं," मुलगी म्हणाली. "आमच्या रानात तसंच आलं, आबा म्हंत्यात."

आबा, म्हणजे तिचे वडील, हातातल्या दोरीची गाठ सोडवत होते, ते थांबले. "पोरीला काय कळतंय, मालक," ते हसत म्हणाले, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही.

दीर जाळीकडं बघत होते. "तीन सालामागं ह्या खोडव्याच्या रानात मेंढरं बसवली हुती. दुसऱ्याची. तवापासनंच आसंल."

"भाऊजी, असं नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. "बेण्याच्या मातीबरोबर आलं असेल. पाटाला सगळ्या गावाचं पाणी येतं."

"व्हय, आसंल," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. ठरल्याप्रमाणे मेंढरं दोन दिवस बसली, बोलल्याप्रमाणे धान्य दिलं, सासूबाईंनी भाकरी पाठवल्या. पण संध्याकाळी शेजारचे एक शेतकरी घरी आले. त्यांच्या रानात मेंढरं पुढं जाणार होती. ओट्यावर त्यांचं आणि दिरांचं काय बोलणं झालं ते मी आतून ऐकत होते. मेंढरं त्यांच्या रानात गेली नाहीत.

सोमवारी पहाटे एसटीला जाताना वाट वाकडी करून मी रानात गेले. बिऱ्हाड घोड्यांवर चढवणं चाललं होतं. वडिलांनी नमस्कार केला आणि ओझं बांधत राहिले. मुलगी घोड्याच्या पोटाखालचा तंग आवळत होती.

"तू ते का बोललीस?" मी विचारलं. रागावून नाही. मला समजून घ्यायचं होतं.

"त्यांनी इचारलं म्हणून."

"आबा रागावले?"

"व्हय."

"मी काल ते मुद्दाम नाही सांगितलं. तुमचं नुकसान होईल म्हणून."

ती तंगाची दोरी ओढत म्हणाली, "तुमी तवा बी न्हाई सांगितलं, आन् आता बी न्हाई."

एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, पण मी मायणीपर्यंत दाराजवळ उभीच राहिले. खरं सांगून तिच्या घराचं नुकसान झालं होतं. ते रान मीच त्यांना मिळवून दिलं होतं, आणि शेजारचं गेलं तेही माझ्याच गप्पपणातून आणि तिच्या बोलण्यातून. यातली चूक कुणाची, हे मी पुनःपुन्हा मांडून बघत होते आणि ते जुळत नव्हतं. एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती.

सातवीच्या तासाला फळ्यावर ते जुनं वाक्य लिहिलं आणि मुलांना सांगितलं, "तुमच्या वहीत हे आहे. खोडा." मुलं एकमेकांकडं बघायला लागली. वहीत खोडायला सांगणारे शिक्षक त्यांनी पाहिले नव्हते. मग मी टारफुल्याचं सगळं सांगितलं. हिरवा असतो, काही अन्न स्वतः करतो, तरी मुळाला चिकटून जगतो. त्याला अर्धपरजीवी म्हणतात. बांडगूळही तसंच. हिरवेपणावरून बरंच कळतं, पण सगळं कळत नाही. हे तुमच्या वर्गातल्या मुलीनं सप्टेंबरात सांगितलं होतं, पुरावा घेऊन आली होती आणि मी तिला बाहेर काढलं, हेही सांगितलं.

एकानं हात वर केला. "परीक्षेला काय लिहायचं, बाई?"

"आत्ता सांगितलं ते."

तिला टारफुली म्हणणारा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मंजी ती बरुबर हुती?"

"हो."

त्यानं मान हलवली. त्याच्या घरी कडवळ होतं, टारफुला त्यालाही माहीत असणार. तो तेव्हा का बोलला नाही, असं मी त्याला विचारणार होते, पण मीच इतके दिवस का बोलले नव्हते ते आठवून फळ्याकडं वळले.

मुलीच्या वडिलांकडं साधा मोबाइल होता, तिच्या मामांकडं स्मार्टफोन. मामांचं बिऱ्हाड बरोबरच असायचं. मी पाठांचे फोटो त्यावर पाठवायला लागले. पहिला महिनाभर उत्तर आलं नाही. मग एके दिवशी वहीच्या पानाचा फोटो आला, सगळी उत्तरं लिहिलेली. खाली एक प्रश्न होता: मसाल्यातलं दगडफूल कशात धरायचं? झाड का शेवाळ?

मी लगेच फोन लावला. या वेळी उत्तर मला माहीत होतं, पण आधी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिच्या मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "झाड वाटत न्हाई. शेवाळागत वाटतं, पर वाळून बी मरत न्हाई."

बुरशी आणि शैवाल अशी दोघं मिळून ते झालेलं असतं, एकजण हिरवा आणि दुसरा नाही, असं मी सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्यात कोण कुणाचं खातं?" मी म्हटलं की दोघांचाही फायदा असतो असं मानतात, पण त्यावर अजून वाद आहेत. "वाद हायत व्हय," ती म्हणाली, आणि तिला ते आवडल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात माझी बदली झाली. पलूसपासून सात किलोमीटरवरची शाळा. मेंढरं अजून परतली नव्हती, त्यामुळे तिला न भेटताच मी म्हसवड सोडलं. खोली रिकामी करायला अर्धा तास लागला. घरी रोज राहायला लागल्यावर जिवाची तगमग थांबेल असं वाटलं होतं. थोडी कमी झाली. संध्याकाळी माझ्या मुलीचा अभ्यास घेताना मध्येच माझं मन म्हसवडच्या वर्गात जातं, तिथं आता विज्ञान कोण घेत असेल, काय लिहून देत असेल, असं वाटत राहतं.

दीर अजून खोडव्यात फिरून टारफुला फुलायच्या आत उपटतात. त्यांनी नंतर मेंढरं बोलावली नाहीत, खत म्हणून कारखान्याची मळी टाकली. मी एकदा त्यांच्याशी बोलून बघितलं. ते म्हणाले, "वैनी, तुमीच म्हणाला, कुठनंबी येतं. मग मला जेवढं दार लावता येतंय तेवढं लावणार." त्यांचंही चुकत नव्हतं.

ती आता आठवीत आहे. पुढच्या दिवाळीत वडिलांनी तिला बिऱ्हाडाबरोबर नेलं नाही. थोरल्या बहिणीचं सासर म्हसवडातच आहे; लग्नाच्या वर्षी तिथं पोरीला ठेवणं त्यांना बरं वाटलं नव्हतं, आता तिच्याकडं ठेवली. हे सांगायला त्यांनी स्वतः फोन केला होता. त्या दिवसानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होते. पोरगी शाळा बुडवत नाही, सरांना लय प्रश्न विचारते, सर कावतात, असं सांगत होते.

"मेंढरं यंदा कुठं?" मी विचारलं.

"खंडाळ्याच्या अंगाला."

"इकडं नाही आलात."

ते मग म्हणाले, "तिकडं रान मोकळं हाय, बाई." खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.